चिलटाचं नाक

1996 साली मी रत्नागिरीहून पुण्याला एमएस्सी करायला गेले तेव्हा आईनं सामानात एक कापडी पिशवी कोंबली होती. सोडे, सुकट, दोन जुड्या बोंबील. वर्तमानपत्राचे तीन थर, त्यावर प्लास्टिक, त्यावर सुतळी. होस्टेलच्या खोलीत मी ती पिशवी कपाटाखाली सारली आणि गादी उलगडायला लागले. दहा मिनिटांत नागपूरच्या रूममेटनं खिडकी उघडली. मग दार उघडलं. मग पंखा पाचवर केला. शेवटी अगदी सभ्य आवाजात म्हणाली, "तुला खरंच वास येत नाहीये?"

मला खरंच येत नव्हता.

तिला ते पटलं नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. "तुझं नाक मेलंय गं," असं हसत म्हणाली आणि तिच्यापुरता विषय मिटला. पिशवी दुसऱ्या दिवशी मेसच्या मावशींकडे गेली, त्या खूश. माझ्यापुरता मात्र तो मिटेना. आपल्या कपड्यांना, केसांना, वह्यांना वास येतो, तो सगळ्यांना येतो आणि एकट्या आपल्याला येत नाही, हे एकविसाव्या वर्षी कळणं काही सुखाचं नसतं. शाळेत, एसटीत, कॉलेजात किती जणींनी तोंड फिरवलं असेल आणि मला पत्ताही लागला नसेल. त्यानंतर कितीतरी महिने मी कुणाच्या फार जवळ बसत नसे.

आईचा सुक्या मासळीचा धंदा. मिरकरवाड्याहून माल यायचा, पडवीत टोपल्या लागायच्या, एका टोपलीवर दुसरी. आता आईचं नाक मेलेलं म्हणावं, तर तसंही नाही. टोपलीच्या तळाशी चार बोंबील ओलसर राहिले असले तर ती स्वयंपाकघरातून चुलीपुढून सांगायची, "ती कडेची टोपली उपस गो, कायतरी कुबट येतंय." उपसावी तर तळाला ते चार बोंबील असायचेच. चांगल्या मासळीचा वास येत नाही आणि बिघडलेलीचा पडवीतून आत येतो, हे मेलेलं नाक कसलं? पण हा प्रश्न असा सरळ मला तेव्हा सुचला नव्हता. सुचायला मध्ये चिलटं यावी लागली.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी चिलटं वाट्याला आली. चिलटं म्हणजे तीच, केळी जरा काळी पडली की कुठून तरी उगवणारी, लाल डोळ्यांची, हातानं हाकललं तर न उठता तिथंच घुटमळणारी. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. पाठ्यपुस्तकं तिला फळमाशी म्हणतात आणि कोकणातला माणूस तिथंच फसतो, कारण आमच्याकडे फळमाशी म्हणजे हापूसमध्ये अळी सोडणारी. ती बॅक्ट्रोसेरा, निराळी, आकारानं मोठी आणि बागायतदारांच्या शिव्या खाणारी. चिलट बिचारं पिकून फुटलेल्या फळावरच्या यीस्टवर जगतं. त्यामुळे मी चिलटच म्हणणार.

चिलटं पाळणं म्हणजे आधी स्वयंपाक. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि थिजवण्यासाठी अगरची पूड पाण्यात रटरट शिजवायचं, बुरशी धरू नये म्हणून शेवटी थोडं प्रोपिऑनिक ॲसिड, आणि ते गोडसर पिठलं गरम असतानाच बाटल्यांत ओतायचं. थंड झालं की खरवसासारखं थिजतं. तोंडाला कापसाचा बोळा. 25 अंशांना ठेवलं की अंड्यापासून माशीपर्यंत दहा दिवस. संकरासाठी माद्या कोशातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत वेचाव्या लागतात, नराची गाठ पडायच्या आधी. म्हणून रात्री बाटल्या रिकाम्या करायच्या आणि पहाटे धावत जायचं. मुंबई-बंगळुरूच्या प्रयोगशाळांत या सगळ्या उद्योगाला 'फ्लाय पुशिंग' म्हणतात, कारण बेशुद्ध माशा ब्रशनं इकडून तिकडे ढकलत बसणं हेच दिवसभराचं काम असतं.

त्या खोलीचा वास भयंकर होता. शिळं ताक, भिजवलेलं पीठ, ईथर. बॉटनीची मुलं आमच्या दारावरून नाक दाबून जायची. आणि आठवड्याभरात तोही वास मला यायचा थांबला.

एवढं झाल्यावर मात्र मी सरांना विचारलं. नाक थकतं का, सर? सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्या लोखंडी कपाटातून एक पिवळट झेरॉक्स काढून दिली. 1978 सालची, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमधली. विषय होता चिलटाच्या वास आणि चव घेण्याच्या वाटेचं जनुकीय विश्लेषण. लेखक दोन, व्ही. रॉड्रिग्ज आणि ओ. सिद्दीकी. पत्ता होमी भाभा रोडचा. "कुलाब्यात बसून केलंय हे," सर म्हणाले, "आधी वाच, मग विचार."

व्ही म्हणजे व्हेरोनिका. आमच्याकडे शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात, म्हणून माझ्या डोक्यात त्या तेव्हापासून रॉड्रिग्जबाई आहेत, जरी मी त्यांना कधी भेटले नाही.

त्यांचा जन्म 1953 चा, केनियातला, गोवेकर कुटुंबातला. ब्रिटिशांच्या पूर्व आफ्रिकेत कारकुनीपासून शिवणकामापर्यंत कितीतरी कामांवर गोव्याची माणसं गेली होती. नैरोबी, मोम्बासा, कंपाला इथं त्यांचे क्लब होते, चर्चं होती. रॉड्रिग्जबाई शिकायला आधी युगांडात, कंपालाच्या मॅकेरेरे विद्यापीठात गेल्या. ईदी अमीनचा तो काळ. तिथून त्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आल्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली. डब्लिनमध्ये असताना मुंबईच्या ओबेद सिद्दीकींचं जिवाणूंच्या जनुकांवरचं काम त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी सिद्दीकींना पत्र लिहिलं. युरोपात पदवी घेतलेली मुलगी 1970च्या दशकात संशोधनासाठी उलट्या दिशेनं मुंबईला निघते, हे आजही कुणाला सांगितलं तर दोनदा विचारतात.

खरं तर कुलाब्याच्या त्या जीवशास्त्राचा पायाच पत्रांवर रचलेला आहे. सिद्दीकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले, ग्लासगोला जनुकशास्त्रज्ञ ग्वीडो पॉन्टेकोर्वोंकडे पीएचडी. पुढे अमेरिकेत असताना भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डनं त्यांचं नाव होमी भाभांना सुचवलं, पत्रव्यवहार झाला आणि 1962 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये (टीआयएफआर), म्हणजे गणित्यांच्या आणि भौतिकशास्त्रज्ञांच्या गडात, रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उघडला. त्याच वर्षी नेव्ही नगरातली ती समुद्राकाठची इमारत नेहरूंच्या हस्ते सुरू झाली होती. दर्शनी दालनात हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र, मागे हिरवळ, हिरवळीपलीकडे खडक. अशा ठिकाणी चिलटं पाळायची!

रॉड्रिग्जबाई आल्या तेव्हा जिवाणू मागे पडून तिथं चिलटांचे दिवस सुरू झाले होते. सिद्दीकी कॅलिफोर्नियात जनुकशास्त्रज्ञ सेमूर बेंझरकडे काम करून आले होते. त्या दोघांचा 1976 चा पेपर लुळ्या पडणाऱ्या चिलटांचा आहे. नेहमीच्या तापमानाला ही चिलटं ठणठणीत. तापमान 38 अंशांच्या आसपास नेलं की जागच्या जागी आडवी. खाली आणलं की पुन्हा उठतात. त्यातल्या एका जातीला उठायला फार वेळ लागायचा, म्हणून तिचं नाव ठेवलं 'कोमाटोज'. चिलटांच्या जनुकांना नावं ठेवणारी माणसं मला मनापासून आवडतात. एक जनुक 'डन्स' म्हणजे ढ, एक 'रुटाबागा' म्हणजे कंद, एक 'शिबिरे' म्हणजे जपानीत बधिर होणं.

पण नावाच्या गमतीखाली जे आहे ते बघा. लुळं पडलेलं चिलट म्हणजे एक पेशी कशी चालते याचा दाखला आहे. चेतापेशीच्या टोकाशी रसायनानं भरलेल्या इवल्या पिशव्या असतात. निरोप आला की पिशवी पेशीच्या काठाला लागते, फुटते, रसायन बाहेर पडतं आणि पुढच्या पेशीला निरोप मिळतो. मिरकरवाड्याच्या जेटीला होडी लागावी तसं. होडी लागताना दोर बांधले जातात हे सगळ्यांना दिसतं. नंतर ते दोर कुणीतरी सोडवायचे असतात, नाहीतर दुसऱ्या होडीला दोरच उरत नाही. कोमाटोज हे जनुक त्या दोर सोडवणाऱ्याचं निघालं. हे उमगायला 1995 साल उजाडलं. जेम्स रॉथमन ज्या प्रथिनाचा अभ्यास सस्तन प्राण्यांच्या पेशींत करत होते, तेच प्रथिन चिलटात बिघडलं की चिलट आडवं पडतं. रॉथमन आणि आणखी दोघांना पेशींतल्या या वाहतुकीसाठी नोबेल मिळालं ते ऑक्टोबर 2013 मध्ये. सिद्दीकी त्याच वर्षी 26 जुलैला बंगळुरूमध्ये रस्त्यावरच्या अपघातानंतर गेले होते.

तर रॉड्रिग्जबाईंनी लुळी चिलटं घेतली नाहीत. त्यांनी नाक आणि जीभ घेतली.

चिलटाला विचारायचं कसं, हाच तिथं मोठा प्रश्न. तुला हे गोड लागतं का, असं चिलटाला विचारता येत नाही. पण चिलट पायानं चव घेतं. पायाला साखरेचा थेंब लावला की सोंड बाहेर येते, मीठ किंवा कडू क्विनीन लावलं की येत नाही. इतकं सरळ उत्तर माणूसही देत नाही. आमच्या पुण्याच्या खोलीत आम्ही थाळीत अगरचे तुकडे ठेवायचो, काहींत साखर, काहींत साखर आणि क्विनीन, आणि त्यांना खाण्याचे रंग द्यायचो. उपाशी चिलटं अंधारात सोडायची आणि तासाभरानं पोटं बघायची. चिलटाचं पोट पारदर्शक. लाल असेल तर हे खाल्लं, निळं असेल तर ते. जांभळं दिसलं की सर म्हणायचे, "हा जेवायला येतो, निवडायला नाही." शेकडो चिलटांत एखादंच असं निघायचं की ज्याचं पोट भलत्याच रंगाचं. ते वेचायचं, त्याचा वंश वाढवायचा, पोरांतही तोच बिघाड आहे का बघायचं आणि तो कुठल्या गुणसूत्रावर आहे ते शोधायचं. यालाच म्युटंट शोधणं म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात मान दुखते.

कुलाब्याच्या गटानं असे चवीचे आणि वासाचे कितीतरी म्युटंट जमवले. त्यांतला एक माझा लाडका. त्याचं नाव गस्ट-बी. नेहमीचं चिलट जास्त मिठापासून लांब पळतं, हे मात्र मिठाकडे धावत जातं. चिलटाच्या चवीच्या एकेका केसात चार चेतापेशी असतात, एक साखर ओळखणारी, एक पाणी ओळखणारी आणि दोन मिठाच्या. गस्ट-बीच्या केसाला विजेची तार लावून ऐकलं तेव्हा कळलं की मीठ लावल्यावर त्याची साखरेची पेशी बोलते. म्हणजे त्याला खारट लागत नाही असं नव्हे; त्याला मीठ गोड लागतं. एका जनुकातल्या बिघाडानं पेशीची ओळखच बदललेली. हा पेपर 1987 मध्ये 'नेचर'मध्ये आला. पाच लेखक, त्यांतल्या चार स्त्रिया. 1987 साल आहे आणि भारतातली प्रयोगशाळा आहे, एवढं लक्षात घ्या आणि पुढे चला; मी यावर जास्त बोलायला लागले की माझ्या विद्यार्थिनी घड्याळाकडे बघतात.

मधल्या काळात बाई जर्मनीत ट्युबिंगेनला मॅक्स प्लांक संस्थेत होत्या. तिथं त्यांनी एरिष बुखनरबरोबर जे केलं ते मला आजही थोडं जादूचं वाटतं. मेंदूत जी पेशी जास्त काम करते ती जास्त साखर ओढते. मग चिलटाला एक तोतया साखर द्यायची, ग्लुकोजसारखी दिसणारी पण पेशीला पुढे वापरता न येणारी, आणि तिला किरणोत्सर्गी खूण करून ठेवायची. चिलटाला एकच वास सतत द्यायचा. ज्या पेशी त्या वासानं कामाला लागतील त्या ही तोतया साखर खेचतील आणि ती तिथंच अडकून साचेल. नंतर मेंदूचे पातळ काप करून छायाचित्राच्या लेपावर ठेवायचे. जिथं काळे ठिपके उमटतील तिथं तो वास पोचला. मोहरीएवढंही नाही ते डोकं, त्यातल्या मेंदूचे काप!

चिलटाच्या मेंदूत वासाचा जो पहिला थांबा आहे तिथं ग्लोमेरुलस नावाच्या सुमारे 50 गोल गाठी असतात. 1984 च्या त्यांच्या पेपरात हे दिसलं की वास दिला की त्यांतल्या काही ठरावीक गाठी जाग्या होतात, आणि पुढे 1988 मध्ये बाईंनी दाखवलं की निरनिराळ्या वासांना निरनिराळ्या गाठींचा संच. वासाचा मेंदूत नकाशा असतो. उंदरांतली वासाची ग्राहक जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना सापडली 1991 मध्ये, त्यांना नोबेल 2004 मध्ये. चिलटाची अशी जनुकं तर 1999 मध्ये सापडली. त्यांचं काम निराळं आणि मोठंच आहे, त्याची याच्याशी तुलना करायचं कारण नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की कुठली पेशी कुठला वास पकडते ते जनुकांच्या भाषेत कळायच्या बऱ्याच आधी, चिलटाच्या बाबतीत तो वास आत कुठं पोचतो याचा नकाशा एका मुंबईकर बाईंनी ठिपके मोजून काढून ठेवला होता.

1998 च्या फेब्रुवारीत सरांनी आम्हा पाच जणांना टीआयएफआरमध्ये एका व्याख्यानाला नेलं. व्याख्यान अजिबात कळलं नाही. भित्तिचित्र आठवतं, कँटीनची कॉफी आठवते, समुद्राकडे उघडणारे काचेचे दरवाजे आठवतात. पण त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काही घडलं ते जाताना, बसमध्ये. कॉजवे मागे पडला आणि ससून डॉकच्या जवळ बस सिग्नलला उभी राहिली. सगळ्यांनी रुमाल काढले. नागपूरची माझी मैत्रीण तर डोकं गुडघ्यांत घालून बसली. आणि मला वास आला. दिवाळीनंतर मी घरी गेले नव्हते, साडेतीन महिने मासळी पाहिली नव्हती, आणि तो वास असा अंगावर आला की मला पडवी दिसली, टोपल्या दिसल्या, आईच्या हातातली सुतळी दिसली. रडू येईल असं वाटलं म्हणून मीही रुमाल काढला. सगळ्यांना वाटलं, हिलाही सहन होत नाहीये. बाजूच्या बाकावर एक बाई मांडीवर रिकामी पाटी ठेवून शांत पेंगत होती.

म्हणजे नाक मेलं नव्हतं. एवढं त्या दिवशी कळलं. मग इतकी वर्षं ते करत काय होतं, हे कळायला आणखी तेरा वर्षं गेली.

मी पीएचडी केली नाही. कारणं नेहमीचीच, त्यांत सांगण्यासारखं काही नाही. साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. चिलटं सुटली. पण रॉड्रिग्जबाईंचं काय चाललंय याकडे मी लांबून लक्ष ठेवून असे, जसं माहेरच्या गल्लीतल्या एखाद्या हुशार मुलीकडे आपण ठेवतो. पूर्वी पुण्याला गेलं की लायब्ररीत बसून, पुढे इंटरनेटवर.

त्या काळात त्यांचा प्रश्न थोडा वळला होता. वास कुठं पोचतो हे कळलं. पण मुळात ती वाट बांधली कशी जाते? कोशात असताना चिलटाच्या अँटेनातल्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशांतल्या, पेशी आपापले धागे मेंदूकडे पाठवतात. वासाच्या काही अवयवांची सुरुवात अटोनल नावाच्या जनुकामुळे होते, हे त्यांच्या गटानं 1997 मध्ये दाखवलं. 2002 च्या पेपरात त्याहून सुंदर गोष्ट आहे. या अटोनलच्या वंशातल्या चेतापेशी मेंदूत आधी पोचतात आणि गाठी बांधायला सुरुवात करतात. मागून येणाऱ्यांची सोय त्यांच्यामुळे लागते. त्या नसल्या तर मागच्यांना मेंदू सापडतो, पण गाठी नीट बांधल्या जात नाहीत. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाडीतल्या लोकांची लालबागमधली खोली आठवली. पहिला माणूस मिलमध्ये लागला, त्यानं खोली धरली, आणि मग वाडीतला प्रत्येक जण ट्रंक घेऊन त्याच पत्त्यावर. पहिला माणूस गेलाच नसता तर बाकीचे मुंबईला पोचले असतेच, पण फुटपाथवर.

या काळात कुलाब्याचं बरंचसं बिऱ्हाड बंगळुरूला हललं होतं. सिद्दीकींनी उभारलेली नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस ही संस्था तिथं सुरू झाली, कुलाब्यातलेच के. विजयराघवन गेले, पुढे रॉड्रिग्जबाईंचीही प्रयोगशाळा तिकडे गेली. 10 नोव्हेंबर 2010 ला कर्करोगानं त्यांचं निधन झालं. सत्तावन्न वर्षांच्या होत्या. मला ते चार दिवसांनी कळलं. इकडच्या वर्तमानपत्रांत मला तरी काही दिसलं नाही. वर्गात सांगितलं तर मुलांनी विचारलं, त्या कोण?

पुढच्या वर्षी पुण्याच्या जुन्या मित्रानं एक पेपर पाठवला. सोबत एकच ओळ, "तुझ्या बोंबलांबद्दल आहे." पेपर अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या प्रोसीडिंग्जमधला, बंगळुरू आणि डब्लिन इथल्या लोकांनी मिळून केलेला. डब्लिन म्हणजे तेच ट्रिनिटी कॉलेज, तिथं आता चेताशास्त्रज्ञ मणी रामस्वामी होते. लेखकांत व्हेरोनिका रॉड्रिग्ज हे नाव. विषय होता वासाची सवय होणं.

चिलटांना चार दिवस एकाच वासात ठेवलं. एकदा एथिल ब्युटिरेट, पिकलेल्या अननसासारखा वास येतो त्याचा. एकदा कार्बन डायॉक्साइड. एरवी चिलटं या वासांच्या माऱ्यापासून दूर पळतात. चार दिवसांनी ती फारशी पळेनाशी झाली. आता इथं पाठ्यपुस्तकातलं सोपं उत्तर असं की नाकातल्या पेशी थकल्या. तसं नव्हतं. नाकातल्या पेशी निरोप पाठवतच होत्या. फरक झाला होता पुढे, त्या गाठीत. प्रत्येक गाठीत निरोप पुढे नेणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना दाबून धरणाऱ्याही असतात, गाबा हे रसायन सोडणाऱ्या. एकच वास सतत येत राहिला की त्या दाबणाऱ्या पेशींची पकड त्या वासाच्या गाठीपुरती घट्ट होत जाते. फक्त त्या गाठीपुरती. बाकीचे वास मोकळे. आणि हे होण्यासाठी त्या दाबणाऱ्या पेशींत रुटाबागा हे जनुक शाबूत असावं लागतं. रुटाबागा हे चिलटांतलं स्मरणशक्तीचं प्रसिद्ध जनुक. ते बिघडलं की चिलटाला शिकता येत नाही, आणि सवयही होत नाही.

मी तो पेपर स्टाफरूममध्ये वाचला. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी उठले नाही.

म्हणजे माझं नाक त्या होस्टेलच्या खोलीत व्यवस्थित ओरडत होतं. आत कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. आणि तो हात आळसानं पडलेला नव्हता, एकवीस वर्षं शिकून शिकून तिथं घट्ट बसला होता. आई स्वयंपाकघरातून तळाचे चार ओलसर बोंबील ओळखते ते यामुळेच असणार. चांगल्या मासळीच्या गाठीवर हात घट्ट, कुबट वासाची गाठ उघडी. मी माणसाबद्दल बोलतेय आणि पुरावा चिलटाचा आहे, हे मला कळतं. चिलटाच्या मेंदूतल्या 1,39,255 चेतापेशींचा एकूण एक जोडणीसह नकाशा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या मेंदूत 8600 कोटी आहेत. पण नाकापासून आत गेलेले धागे गाठींत येऊन मिळणं आणि तिथं दाबणाऱ्या पेशी असणं, ही रचना उंदरात आहे, माणसात आहे आणि केळ्यावर बसलेल्या चिलटातही आहे. आईपर्यंत जायला मला तेवढा पूल पुरतो.

आईला हे सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माश्यांना वास देत बसतात, त्याचा पगार मिळतो?" मी म्हटलं, मिळतो. "बरा मिळतो?" मी म्हटलं, बरा. "मग तू का सोडलंस गो?"

गेल्या मे महिन्यात साताऱ्याहून घरी गेले. मार्चपासून गेले नव्हते. पाखाडी चढून अंगणात आले तेव्हाच वाऱ्याबरोबर पहिली झुळूक आली, आणि पडवीच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा पुरता वास आला, सोड्यांचा, सुकटीचा, उन्हात तापलेल्या टोपल्यांचा. मी उंबऱ्याच्या अलीकडे थांबले. मला ठाऊक होतं की आत जाऊन हातपाय धुवून चहा घेईपर्यंत तो राहणार नाही. म्हणून पिशवी खाली न ठेवता नुसती उभी राहिले, श्वास घेत. एक, दोन, तीन, चार.

आई आतून म्हणाली, "कोण आलं? तू काय गो? मग दारात काय उभी, आत ये."